डोळ्यात पाणी आलं, पण पटलं का? सामाजिक प्रश्नांवरचं लिखाण आपल्याला कसं वळवतं

दसरा-दिवाळी आली की बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि मागोमाग फोनवर पोस्टी, व्हिडिओ, लेख यायला लागतात. त्यात एक विषय 2019 पासून दरवर्षी असतोच, तो म्हणजे ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जातात हा. 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव' असली हेडिंगं आपण सगळ्यांनी वाचलीयेत. वाचून अर्धे लोक हादरतात आणि लगेच शेअर करतात, उरलेले म्हणतात की मीडियाने फुगवलंय, कुठे असं असतं का. आणि कमेंटमध्ये दोघांची जुंपते.

मला यात खटकतं ते हे की दोन्ही बाजूंना त्या लेखाने नक्की काय सांगितलं आणि काय सिद्ध केलं हे माहीतच नसतं. एकाला रडू आलं म्हणून पटलं, दुसऱ्याला कोणीतरी मुद्दाम रडवतंय असं वाटलं म्हणून पटलं नाही. म्हणून म्हटलं की सामाजिक प्रश्नावर लिहिणारा माणूस आपल्याला कसं पटवतो, भावना कुठे वापरतो, पुरावा कुठे वापरतो, हे याच विषयाला धरून एकदा नीट मांडूया.

आधी तो प्रश्न काय आहे ते

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. सीझन सुरू व्हायच्या आधी मुकादम, म्हणजे मजुरांच्या टोळ्या पुरवणारा ठेकेदार, या जोडीला उचल देतो, म्हणजे अ‍ॅडव्हान्स, आणि मग पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती उचल फेडायची. एखादा दिवस कामाला गेलं नाही तर खाडा पडतो. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर दंड, आणि 2019 च्या बातम्यांमध्ये हा दंड दिवसाला 500 रुपये सांगितला होता.

आता यात बाईचा दिवस कसा असतो ते बघा. अंधार असतानाच कोपीबाहेर, म्हणजे राहायच्या तात्पुरत्या झोपडीबाहेर, चूल पेटवायची, भाकरी बांधून घ्यायच्या, लेकरं बरोबर घ्यायची नाहीतर कोपीवरच सोडायची, फडात गेल्यावर नवरा तोडतो आणि ही पाचट काढून मोळ्या बांधते, मग त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढून ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकायच्या. ट्रक रात्री आला तर रात्री. संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाणी मिळेल तिथून आणायचं. पाळी आली तरी हेच, आणि अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय असं असलं तरी हेच. मग सीझन संपल्यावर ती गावाकडच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात जाते आणि तिथून ऑपरेशन करून येते. वैद्यकीय भाषेत हिस्टरेक्टॉमी, आणि बायका म्हणतात पिशवी काढली. मी पण पुढे तोच शब्द वापरतो.

तुम्ही आत्ता जो परिच्छेद वाचलात ना, त्याने तुमच्या मनात काहीतरी हललं असणार, हलायलाच पाहिजे. पण त्यात पुरावा म्हणावा असं मी काहीही दिलेलं नाही, ते फक्त वर्णन आहे. वर्णन खरंय, तरीही त्यावरून किती बायकांची पिशवी काढली आणि का काढली यातलं काहीच कळत नाही.

लेखाला तीन वेगवेगळ्या गोष्टी पटवायच्या असतात

इथेच सगळा गोंधळ आहे. कुठलाही सामाजिक प्रश्न घ्या, लिहिणाऱ्याला खरं तर तीन गोष्टी पटवायच्या असतात. असं घडतं, ही पहिली. हे किती जणांबाबत घडतं, ही दुसरी. आणि कशामुळे घडतं, ही तिसरी. भावना पहिलीला लागते. एका बाईची गोष्ट नीट सांगितली की 'असं घडतं' हे पटतं, त्याला हजार बायका लागत नाहीत. पण तीच एक गोष्ट दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही, त्याला मोजणी लागते. आणि तिसऱ्याला नुसती मोजणीसुद्धा पुरत नाही, त्याला तुलना लागते.

पोटात दुखायला लागल्यावर आपण दवाखान्यात जातो तेव्हा दुखणं खरंच असतं, ते नसतं तर आपण गेलोच नसतो, पण दुखतंय म्हणून डॉक्टरने तपासणी न करता थेट चाकू हातात घेतला तर आपण घेऊ देऊ का? लेखातली भावना हे दुखणं आहे आणि पुरावा ही तपासणी. आणि वाईट याचं वाटतं की या बायकांच्या बाबतीत हे उदाहरण न राहता अक्षरशः तसंच घडलंय. गाठ आहे, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका, अशी भीती घातली गेली हे अनेक बायकांनी पत्रकारांना आणि अभ्यासकांना सांगितलंय. म्हणजे तो डॉक्टरसुद्धा पटवून देणाराच होता, त्याने भीती वापरली आणि तपासणीचा पुरावा दिला नाही. बाईला पटलं कारण दुखणं खरं होतं.

फसवं लिखाण बहुतेक वेळा असंच काम करतं. पहिली गोष्ट खरी असते, मनाला भिडते, आणि त्या भिडण्याच्या जोरावर दुसरी आणि तिसरी गोष्ट न तपासता आपल्या गळी उतरवली जाते.

आकडे आले की काय बदलतं

2018 साली बीडमधल्या 200 बायकांच्या एका छोट्या सर्वेक्षणात 36 टक्के बायकांची पिशवी काढलेली निघाली. बातम्या झाल्या, विधिमंडळात विषय निघाला, आणि 2019 मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं आणि त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. हिशोब केला तर शंभरातल्या साधारण 17.

म्हणजे 36 चे 17 झाले. आता हे वाचून कोणी म्हणेल बघा, फुगवलेलं होतं. थांबा. 200 बायका म्हणजे लहान नमुना, त्यात आकडा वरखाली होणारच, आणि 82 हजारांची मोजणी जास्त भरवशाची हे सरळ आहे. पण 17 हा आकडा लहान आहे का, हे तो दुसऱ्या कशाच्या तरी शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे, हे केंद्र सरकार दर काही वर्षांनी घराघरात जाऊन करतं. 2015-16 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये पिशवी काढलेल्यांचं प्रमाण देशात 3.2 टक्के आणि महाराष्ट्रात 2.6 टक्के होतं.

2.6 आणि 17. इथे बहुतेक लेख थांबतात आणि 'सहापट!' असं मोठ्या अक्षरात लिहून मोकळे होतात. मला तिथेच अजून एक पायरी हवी असते, कारण 15 ते 49 मध्ये 16 वर्षांच्या पोरीपण आल्या, त्यांची पिशवी कोण काढणार, त्यामुळे तो टक्का आपोआप खाली येतो. तुलना करायचीच तर एकाच वयाच्या बायकांची करायला हवी, आणि शक्यतो त्याच तालुक्यातल्या, तोडीला न जाणाऱ्या बायकांशी. तसं केलं तर फरक सहापट राहणार नाही, कमी होईल. पण इतका मोठा फरक नुसत्या वयाने भरून निघेल असं मला वाटत नाही. आणि हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या लेखावर माझा जास्त विश्वास बसतो, कारण त्याने स्वतःच्या बाजूचा आकडासुद्धा तपासायची तयारी दाखवली.

'कशामुळे' या प्रश्नावर सगळ्यात जास्त गडबड होते

वाचलेल्या लेखांत एक ओळ हमखास असते, की मुकादम पाळी नसलेल्या बायकाच कामावर घेतात म्हणून बायका पिशवी काढतात. ही ओळ इतकी जबरदस्त आहे की एकदा वाचली की डोक्यातून जात नाही. एक खलनायक मिळतो, एक बळी मिळतो, राग कुठे काढायचा ते कळतं.

पण बायका स्वतः जे सांगतात ते यापेक्षा गुंतागुंतीचं आहे. लग्न लहानपणी, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं इन्फेक्शन, सरकारी दवाखाना लांब नाहीतर तिथे डॉक्टर नाही, खाजगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि ऑपरेशनचे पैसे घेतो, ते पैसे परत मुकादमाकडूनच उचल म्हणून, आणि या सगळ्यावर खाड्याची टांगती तलवार. म्हणजे मुकादमाने सक्ती केली नसली तरी ही व्यवस्थाच अशी आहे की पाळी ही बाईला परवडत नाही. काही ठिकाणी मुकादमाने थेट सांगितलं असेलही, पण तेवढंच कारण आहे असं लिहिलं की डॉक्टर सुटतो, कारखाना सुटतो, आरोग्य खातं सुटतं.

कारण चुकलं की उपायही चुकतो. पुढे बीड जिल्ह्यात नियम आला की खाजगी दवाखान्याने पिशवी काढायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. हा उपाय डॉक्टरकडे बघणारा आहे, आणि तो सुचला कारण कोणीतरी मुकादमाच्या पलीकडे जाऊन ऑपरेशनचे आकडे कुठल्या दवाखान्यातून येतायत ते बघितलं. फक्त मुकादमाच्या त्या एका ओळीवर थांबले असते तर हे झालं नसतं.

हे काही आजचं नाही, 1890 मध्येही असंच झालं होतं

कोलकात्याला 1890 साली फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी लग्नाच्या नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे रक्तस्राव होऊन मेली. नवरा तिशीच्या पुढचा. तेव्हाच्या कायद्यात दहा वर्षांच्या वरच्या बायकोवर नवऱ्याने बलात्कार केला असं म्हणताच येत नव्हतं, म्हणून त्याला हलक्या गुन्ह्यात एक वर्ष सक्तमजुरी झाली. देशभर हलकल्लोळ झाला. पण विरोधकांकडे उत्तर तयार होतं, की ही एक दुर्दैवी घटना आहे, एका घटनेवरून सगळ्या समाजाला नावं ठेवता का. म्हणजे पहिला प्रश्न मान्य, दुसऱ्यावर अडवलं.

तेव्हा भारतात काम करणाऱ्या 55 स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयला अर्ज पाठवला आणि त्याच्यासोबत स्वतःच्या हाताखाली आलेल्या लहान बायकांच्या केसेसची यादी जोडली. वय, काय जखम होती, पुढे काय झालं, असं कोरडं लिहिलेलं. ती यादी वाचताना आजही पोटात गोळा येतो. फुलमणी एकटी नाही हे त्या यादीने दाखवलं, आणि वाचकाच्या मनातली फुलमणी त्या प्रत्येक ओळीत येऊन बसली. मार्च 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहाचं बारा झालं. आजच्या डोळ्यांनी हे फारच थोडं आहे, पण 'अपवाद आहे' हे उत्तर त्या यादीनंतर तितकं सोपं राहिलं नाही.

आपल्या मराठीत याच्या आधी, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने लाजेपोटी आपलं मूल मारलं, तिला फाशी सुनावली गेली (पुढे अपिलात ती शिक्षा कमी झाली) आणि वर्तमानपत्रं सगळ्या बायकांवर तुटून पडली, ते वाचून ताराबाई पेटल्या. पुस्तकात राग पानोपानी आहे, लपवलेला नाही. पण पद्धत बघा, बायकांवर जो जो आरोप केला जातो तो एकेक उचलायचा आणि विचारायचं की हाच दोष पुरुषात नाही का, आणि असेल तर शिक्षा एकीलाच का. म्हणजे वर बीडच्या आकड्यांत आपण जे शोधत होतो, सारख्याची सारख्याशी तुलना, ते ताराबाई रागाच्या भरातही करत होत्या. राग आला म्हणून विचार सुटला असं होतंच असं नाही.

मग आकडे दिले की भावना कमी होते का?

हा प्रश्न लिहिणारे लोक खूप विचारतात. 2007 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला, खूप गाजला. लोकांना पाच डॉलर दिले आणि आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी दान मागितलं. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली, त्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले. काहींना फक्त लाखो लोकांचे आकडे दिले, त्यांनी 1.14 दिले. आणि ज्यांना मुलगी आणि आकडे दोन्ही दिले त्यांनी 1.43. झालं, तेव्हापासून लिखाणाच्या आणि फंडरेझिंगच्या प्रत्येक वर्गात सांगतात की एकच चेहरा दाखवा, आकडे टाळा.

पण 2023 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी याहून खूप जास्त लोकांवर तोच प्रयोग परत केला तेव्हा हा परिणाम दिसला नाही. म्हणजे 'लोकांना आकडे नकोत, गोष्टच हवी' हे जे आपण सगळे गृहीत धरून बसलोय ते इतकं पक्कं नाहीये. मला याचा आनंद झाला, खरं सांगतो. वाचक हा फक्त रडवण्यापुरता आहे असं मानून लिहिणं हा वाचकाचा अपमान आहे.

'भावना वापरणं म्हणजेच फसवणं नाही का?'

नाही. भावना नसेल तर माणूस पुढचं वाचायला थांबतच नाही. 2 मार्च 1888 ला पुण्यात व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, याच्यासाठी मेजवानी होती, सगळे दागदागिने घालून आलेले, आणि जोतीराव फुले तिथे फाटक्या कपड्यात, अंगावर घोंगडी घेतलेल्या शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि सांगितलं की खरा हिंदुस्थान बघायचा तर खेड्यात या. हे भावनेला हात घालणंच होतं. पण याच फुल्यांनी त्याच्या सहा वर्षं आधी, 1882 मध्ये, हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिलं ते वाचा. इंग्रजीत, शांत, मुद्देसूद. महसूल कुणाच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा कुणाच्या मुलांवर जातो, म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या घराचं वर्णन, शेतसारा, सावकार, कोर्टकचेरी, जंगल खात्याने बंद केलेली गायरानं, आणि शेवटी ताली-बंधारे बांधा असे उपायसुद्धा. 'विद्येविना मती गेली' आपल्याला पाठ असते, पण ती म्हणजे कारणांची साखळी आहे, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि अख्खं पुस्तक ती साखळी भरून काढायला लिहिलंय. घोंगडी दिसते म्हणून लोक थांबतात, आणि थांबल्यावर त्यांना द्यायला फुल्यांकडे निवेदन तयार होतं.

'ज्याच्यावर बेतलं त्यानेच पुरावा पण द्यायचा?'

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. 1885 मध्ये रखमाबाईंनी 'एक हिंदू स्त्री' या सहीने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रं लिहिली. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नवऱ्याने नांदायला ये म्हणून कोर्टात खेचलेलं. तिने स्वतःचं भोगणं सांगितलं हेच पुष्कळ झालं, आता तिने देशातल्या बालवधू पण मोजायच्या का? तसंच ऊसतोडीच्या बाईने पत्रकाराला पिशवी काढल्याचं सांगितलं हे तिने केलेलं धाडस आहे, टक्केवारी काढणं तिचं काम नाही. ते काम लिहिणाऱ्याचं आहे आणि त्याहून जास्त सरकारचं. म्हणून एखाद्या बाईच्या व्हिडिओखाली 'डेटा कुठाय' असं विचारणाऱ्याचा मला राग येतो. डेटा विचारायचाच तर तो साखर कारखान्याला विचारा, साखर आयुक्तालयाला विचारा, ज्यांच्याकडे तोडणी कामगारांची नीट नोंदसुद्धा इतकी वर्षं नव्हती. मोजलंच नाही तर पुरावा येणार कुठून, आणि मग 'पुरावा नाही' हेच उत्तर म्हणून वापरलं जातं.

पुढच्या वेळी असा लेख आला तर

मी काय बघतो ते सांगतो. ज्या बाईची गोष्ट आहे ती आणि जो आकडा दिलाय तो, दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत का, हे पहिलं. गोष्ट सक्तीची आणि आकडा सगळ्या ऑपरेशन्सचा असेल तर ती जोडी जुळत नाही. कोणाशी तुलना केली, वय, भाग, वर्ष बघितलं का, हे दुसरं. लेखाला गैरसोयीची वाटेल अशी एखादी तरी गोष्ट लेखकाने सांगितलीय का, जसं की ज्या बायका तोडीला जात नाहीत त्यांच्यातही त्याच दवाखान्यात पिशव्या काढल्या जातात का. आणि दोषी म्हणून एकच माणूस उभा केला असेल तर त्याच्या मागे पैसे कोणाचे फिरतात तेही लिहिलंय का.

यातलं काही नसेल तरी त्या बाईचं म्हणणं खोटं ठरत नाही, एवढंच की तो लेख पहिल्या प्रश्नावरच थांबलाय. मग शेअर करताना तसं लिहावं, की हे घडतं, याची नीट मोजणी व्हायला हवी. ऊसतोड बायकांची सीझनला जायच्या आधी आणि परत आल्यावर आरोग्य तपासणी व्हावी ही मागणी गेली काही वर्षं होतेय, ती प्रत्येक टोळीत, प्रत्येक कारखान्यावर खरंच झाली आणि तिचे आकडे दरवर्षी जाहीर झाले तर 17 चा आकडा वर जातोय की खाली येतोय हे पुढच्या दसऱ्याला आपल्याला हेडिंगवरून ओळखावं लागणार नाही.